कोणाचे कोणाशी जमते

आमच्या शेवगावात मासे घरात आले ते हौसेने नाही, डासांमुळे आले. नळाला पाणी रोज येत नाही. त्यामुळे घरोघरी पिंप, टाक्या, सिमेंटचे हौद भरून ठेवायची जुनी सवय. साठवलेले पाणी म्हणजे डासांचे माहेर. मग आरोग्य खात्याचा माणूस यायचा. खांद्याला पिशवी, हातात बरणी आणि बरणीत नखाएवढे मासे. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवरचे वाक्य माझ्या पिढीने शाळेतल्या धड्यांपेक्षा जास्त वेळा वाचले असेल. आमच्या अम्मीला बरेच दिवस वाटायचे की हे मासे आपसात गप्पा मारतात म्हणून त्यांना गप्पी म्हणतात. मलाही तसेच वाटायचे. पुढे वाचनात आले की हे एका माणसाचे आडनाव आहे. रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी हे गृहस्थ वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहायचे. त्यांनी तिथले मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि १८६६ साली तिथल्या शास्त्रज्ञाने त्यांच्या नावावरून माशाला नाव दिले. गंमत अशी की १८५९ सालीच एका जर्मन शास्त्रज्ञाने व्हेनेझुएलाच्या नमुन्यांवरून त्याच माशाचे बारसे उरकले होते. शास्त्राच्या वहीतून गप्पीसाहेबांचे नाव गळाले, पण लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच, अगदी शेवगावच्या भिंतीपर्यंत.

आमच्या हौदातले गप्पी कोणाशी भांडले नाहीत, कारण भांडायला दुसरे कोणी नव्हतेच. माशांचे आपसात पटते की नाही, हा प्रश्न मला पडला तो फार उशिरा, नातीमुळे.

तिच्या सातव्या वाढदिवसाला आम्ही नगरहून (आताच्या अहिल्यानगरहून) काचेची टाकी आणली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दुकानदार म्हणाला, "रंगीत मासे घ्या, पोरगी खूश होईल." आम्ही बोट दाखवत गेलो, तो जाळीने काढत गेला. दोन गोल्डफिश, एक एंजल, चार टायगर बार्ब, एक लांब शेपटीचा निळा फायटर, सहा गप्पी, आणि काच साफ करायला म्हणून एक सकर. पंधरा मासे, एकही दुसऱ्यासारखा वाटू नये असे. घरी आल्यावर टाकी त्याच संध्याकाळी भरली, त्याच संध्याकाळी मासे सोडले. शेजारपाजारचे बघायला आले. कोणी म्हणाले, उत्तरेला तोंड करून ठेवा, बरकत येते.

तिसऱ्या दिवशी फायटरची शेपटी झालरीसारखी कुरतडलेली दिसली. हे काम टायगर बार्बचे, म्हणजे त्या पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या चपळ माशांचे. पाचव्या दिवशी गप्पी सहाचे चार झाले, आणि एंजलचे पोट फुगलेले. आठव्या दिवशी पाणी दुधाळ झाले आणि गोल्डफिश वर येऊन तोंड वासू लागले. दहाव्या दिवशी सकाळी टाकीत फक्त सकर उरला होता. नात रडली नाही. तिने विचारले, "नाना, त्यांचं पटलं का नाही?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दुकानदाराला दोष देऊन मी मोकळा झालो असतो, पण बोट तर आम्हीच दाखवले होते. म्हणून शोधायला लागलो, आणि शोधता शोधता फार मागे गेलो.

माशांच्या आवडीनिवडींची नोंद आपल्या दख्खनेत नऊशे वर्षांपूर्वी झालेली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या अभ्यासकांना तो ओळखीचा आहे, कारण महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी म्हणतात, ही नोंद त्यात सापडते. त्याच ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे. समुद्रातले मासे वेगळे, नदीतले वेगळे, खवल्यांचे वेगळे, बिनखवल्यांचे वेगळे, मोठे वेगळे, लहान वेगळे, आणि कोणाला कोणते खाणे घालायचे तेही सांगितलेले. अर्थात हा सगळा खटाटोप पाळण्यासाठी नव्हता. ठरल्या जागी रोज खाऊ घालून मासे माणसाळवायचे आणि मग राजाने गळ टाकायचा, असा तो विनोद. तरीही एक गोष्ट खरी, की मासा म्हणजे नुसता मासा नव्हे, प्रत्येकाची रीत निराळी, हे त्या राजाला कळत होते. नगरच्या दुकानात उभे असताना मला ते कळत नव्हते.

पाण्यात मासे ठेवून नुसते बघत बसण्याची रीत आपल्याकडे हौदांनी टिकवली. मुंबईच्या जुम्मा मशिदीत जुन्या तलावाचे पाणी आहे. १९०९ च्या मुंबई शहराच्या गॅझेटिअरमध्ये त्यातल्या सोनेरी आणि रुपेरी माशांचा उल्लेख आहे. लहानपणी अब्बांबरोबर मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, पाणचक्की बघायला गेलो होतो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळचा तो लांबरुंद हौद, वरून कोसळणारे पाणी आणि खाली फिरणारे मासे. आम्ही फुटाणे टाकले. मोठे मासे आधी आले, लहान मागे राहिले, मोठे वळले की लहान झेपावून उरलेले खायचे. कोणी कोणाला मारले नाही. मला वाटते, कारण साधे होते. हौद मोठा होता. पळायला जागा असली की दुबळा वाचतो. काचेच्या टाकीत तो पळून पळून दोन फूट पळणार.

चिन्यांनी गोल्डफिश वाढवला तोही आधी तळ्यांत आणि मग मातीच्या कुंड्यांत. सोंग राजवटीत, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या ते तेराव्या शतकांत, हा शौक तिथे भरभराटीला आला. वरून बघायचे म्हणून मासेही वरून सुंदर दिसतील असे निवडत गेले, दुहेरी शेपटीचे, बटबटीत डोळ्यांचे. असा मासा जड आणि संथ असतो. त्याच्याबरोबर साध्या शेपटीचा चपळ गोल्डफिश ठेवला तर सगळे खाणे चपळच पळवतो. एकाच जातीत, एकाच घराण्यात ही तऱ्हा.

काचेच्या टाकीचा खरा इतिहास मात्र लंडनचा. १८४५ साली इंग्लंडमध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. तिथे औषध बनवणाऱ्यांच्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे रसायनशास्त्रज्ञ नोकरीला होते. त्यांनी १८४९ साली बारा गॅलनच्या काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाचे पाणगवत ठेवले. मासे प्राणवायू घेतात, वनस्पती तो देतात, तेव्हा पाणी न बदलता दोघे जगले पाहिजेत, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब जवळजवळ बरोबर निघाला. पण गवताची जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवे शेवाळ चढले आणि पाणी गढूळ झाले. मग त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजके खाल्ले आणि वर अंडी घातली, ती माशांनी खाल्ली. पाणी पुन्हा निवळले. १८५० साली वॉरिंग्टन यांनी हे सारे लिहून विद्वानांच्या सभेपुढे ठेवले.

मंडळी, बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. आमच्या नातीच्या टाकीत जवळपास तेवढेच पाणी मावते. पहिल्या शास्त्रशुद्ध टाकीत मासे किती, तर दोन. आणि आम्ही पंधरा सोडले होते.

पण त्या रसायनशास्त्रज्ञालाही एक गोष्ट तेव्हा दिसली नव्हती, आणि आमच्या टाकीतले दुधाळ पाणी, वर येऊन तोंड वासणारे गोल्डफिश, हे सगळे त्याच गोष्टीपाशी येते. माशाच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. तो माशाला विषारी असतो. नव्या टाकीत त्याचे करायचे काय, हे कोणालाच ठाऊक नसते, कारण ते काम करणारे जिवाणू तिथे अजून आलेलेच नसतात. ते आधी अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटसुद्धा विषारीच. नायट्रेट मात्र थोडे असले तर मासा सहन करतो आणि गवत ते खाते. ही दोन टप्प्यांची गोष्ट शोधणाऱ्यांत एक नाव आहे रॉबर्ट वॉरिंग्टन. हे गृहस्थ वेगळे, त्या पहिल्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. मुलगा रोथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात होता. जमिनीतला अमोनिया पिकाच्या कामाचा कसा होतो, हे तो शोधत होता आणि त्याचे दोन टप्पे त्याने दाखवले. वडिलांच्या टाकीत जे घडत होते, तेच मुलाला मातीत सापडले. पुढे १८९० च्या सुमारास विनोग्रॅडस्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जिवाणूच वेगळे काढले. बापलेकांची ही गोष्ट मला फार आवडते. ती वाचली त्या रात्री मला पटकन झोप आली नाही.

म्हणजे नातीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे होते, की त्यांचे आपसात पटण्याआधीच पाण्याशी पटले नव्हते. नवी टाकी गवत लावून, चिमूटभर खाणे टाकून तीन ते सहा आठवडे तशीच मुरू द्यावी लागते, मग एकदोन मासे, मग आणखी थोडे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उडून जावे म्हणून ते दिवसभर उघडे ठेवावे लागते. ही एक गोष्ट आम्ही शेवगावकर न शिकता करतो, कारण आमचे पाणी पिंपात शिळे झालेलेच असते.

आणि पाणी म्हणजे तरी एकच पाणी कुठे? आमच्या बोअरचे पाणी जड. चहाच्या भांड्याला महिन्याभरात पांढरा थर येतो. गप्पी, मॉली, प्लॅटी, तलवारीसारखी शेपटी असलेला स्वोर्डटेल, या सगळ्यांना जड पाणी मानवते. निऑन टेट्रा दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉनकडचा, त्याला हलके, किंचित आंबट पाणी लागते. तो इथे आणला तर काही दिवस जगतो, खात राहतो, आणि एके दिवशी नसतो. लोक म्हणतात, नजर लागली.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षे आठवतात का? दिवसाचे बारा-बारा तास वीज नसायची. माझ्या भावाने त्याच काळात एक टाकी घेतली होती. हवेचा पंप बंद पडला की मासे पृष्ठभागावर यायचे. मे महिन्यात तर पाणी इतके तापायचे की हात घातला तरी कोमट लागे, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. एका रात्रीत त्याचे सगळे गोल्डफिश गेले. वाचले ते दोन गुरामी. गुरामी, फायटर आणि आपली मरळ यांना देवाने एक वेगळी सोय दिली आहे. कल्ल्यांच्या वर त्यांना आणखी एक अवयव असतो, त्यामुळे ते वर येऊन थेट हवेतला श्वास घेतात.

हीच सोय इतिहासात कामी आली. १८६९ साली चीनमधून पॅरिसला पॅराडाइज फिश नावाचे मासे आले आणि कार्बोनिए नावाच्या माणसाने त्यांची वीण वाढवली. ते आले कसे? जहाजावरच्या भांड्यातल्या कोंदट पाण्यात दुसरा मासा मेला असता, हा हवा खाऊन जगला. पण स्वभाव? नराला दुसरा नर खपत नाही, चिडला तर मादीलाही फाडतो. फायटरची कथा तीच. सयाममध्ये त्याच्या झुंजी लावत, पैजा लागत, राजाला परवान्यांचा महसूल मिळे. १८४० साली तिथल्या राजाने दिलेले मासे कँटर नावाच्या डॉक्टरच्या हाती आले आणि युरोपला त्यांची ओळख झाली. म्हणजे घरातल्या टाकीत सुरुवातीला असे जे परदेशी मासे पोचले, ते एकमेकांशी जुळवून घेणारे म्हणून पोचले नाहीत, प्रवासात टिकले म्हणून पोचले. दुकानात आजही पुष्कळसे तसेच असते. जे टिकते ते विकते.

लहानपणी मीही एक गुन्हा केलेला आहे. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले आणि नाथसागराचे पाणी आमच्या तालुक्याला येऊन भिडले. त्या पाण्याच्या कडेला मरळीची तांबूस पिल्ले थव्याने फिरताना दिसतात, खाली आई-बाप राखण करतात. मी ओंजळभर पिल्ले बरणीत घालून घरी आणली आणि हौदातल्या गप्पींबरोबर सोडली. दोन-तीन महिन्यांत गप्पी संपले. मग पिल्ले एकमेकांना खाऊ लागली. शेवटी एकच मरळ राहिली, ती अब्बांनी परत पाण्यात नेऊन सोडली. मला मार बसला तो मेलेल्या माशांसाठी नाही, हौदात पुन्हा डासांची अंडी झाली म्हणून.

आपल्या नद्यांतल्या माशांची पहिली मोठी नोंद करणारा माणूस म्हणजे कर्नल साइक्स. १८३९ साली त्याने दख्खनच्या माशांवर लिहिले तेव्हा कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच लॅटिनला जोडून दिली. खुद्री, पोटल, कोळस. आजही जगभरचे शास्त्रज्ञ टॉर खुद्री, लेबिओ पोटेल असे म्हणतात तेव्हा भीमाकाठच्या कोण्या अनाम कोळ्याचा शब्द उच्चारत असतात. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला याचा आनंद व्हायचाच. पण हे सगळे नदीचे गडी. खुद्री मनगटाएवढा नाही, मांडीएवढा होतो. टाकीत त्याचे काम नाही. टाकीत शोभतो तो झेब्रा, अंगावर निळ्या रेघा असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा. तोही आपलाच. बंगालकडच्या नद्यांमधून हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने १८२२ साली त्याची नोंद केली. आज जगातल्या प्रयोगशाळांत तो उंदरासारखा पाळला जातो, आणि आपल्या दुकानात सगळ्यांत स्वस्त म्हणून कोपऱ्यात पडलेला असतो. लोक त्याला बोट दाखवत नाहीत. तो थव्याने राहतो, सहापेक्षा कमी ठेवला तर बावरतो. जड पाणी, हलके पाणी, उन्हाळा, थंडी, बरेच काही सोसतो.

मी शाळेच्या सहलीत मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेले, आठ लाखांच्या खर्चात दोन लाख एका पारशी दात्याचे, म्हणून त्याचे नाव. २०१५ साली ते नव्याने सजले आणि कोरोनाच्या काळात बंद झाले. अंधाऱ्या बोळातून चालायचे आणि दोन्ही बाजूंना उजेडाच्या खिडक्या. तेव्हा मी फक्त रंग पाहिले. आता आठवून पाहतो तर लक्षात येते की तिथे एका खिडकीत सगळे मासे कधीच नव्हते. कोणाला कोणाजवळ ठेवायचे, हे त्या माणसांनी आपल्यासाठी आधीच ठरवून ठेवले होते आणि आम्ही ते न बघता पुढे गेलो.

एका कविसंमेलनात मी ही टाकीची हकीकत सांगितली. लगेच एक मित्र म्हणाले, वा, सलोख्यावर काय कविता होईल! मी लिहिली नाही. माणसांविषयी बोलायचे तर सरळ बोलावे, बिचाऱ्या माशांना मध्ये घालू नये. मोठा मासा तोंडात मावेल त्याला गिळतो यात त्याची काही चूक नाही. एंजलने गप्पी गिळले, कारण ते मावले.

सहा महिन्यांनी आम्ही टाकी पुन्हा लावली. या वेळी नातीने वहीत आधी यादी केली आणि दुकानात वही घेऊनच गेली. व्हॅलिस्नेरियाचे गवत, जे नाथसागराच्या पाण्यातही उगवते. पाच गोगलगायी. महिनाभर फक्त पाणी, गवत आणि गोगलगायी. घरचे सगळे हसले. मग सहा झेब्रा. आणखी तीन आठवड्यांनी चार प्लॅटी, चारही नर, कारण मादी आली की दर महिन्याला पिल्ले, आणि एकदा नराचा संग झाला की ती पुढे कित्येक महिने एकटीसुद्धा पिल्ले देत राहते. दुकानदार म्हणाला, एवढ्या मोठ्या टाकीत एवढेच? एक एंजल तरी घ्या. नात म्हणाली, नको. तिला फायटर फार आवडतो, त्याची तिने वेगळी, झाकण असलेली छोटी टाकी मागितली आहे. पुढच्या वाढदिवसाला बघू.

एक प्रश्न मात्र तसाच राहिला. पहिल्या टाकीतला तो सकर. दक्षिण अमेरिकेतला मासा, काच साफ करतो म्हणून विकतात, आणि फूटभर, सव्वा फूट होतो हे सांगत नाहीत. आमचा दीड वर्षात वीतभर झाला. दुकानदार परत घेईना. शेजारी म्हणाले, नाथसागरात सोडून द्या, पुण्य लागेल. मी त्यांना उजनीची बातमी दाखवली. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात हा मासा सापडू लागला आहे. अंगावरची पाठ कवचासारखी टणक, काटे असे की जाळे फाटते, आणि बाजारात कोणी घेत नाही. दहीगावकडच्या पाण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांच्या जाळ्यात आमच्या हौसेचा मासा जायला नको.

म्हणून तो आमच्या जुन्या सिमेंटच्या हौदात आहे. दिवसा दिसत नाही. रात्री दिवा लावून वाकून पाहिले तर तळाशी भिंतीला चिकटलेला असतो. गप्पी त्याच्या वरून फिरत असतात. अम्मी असती तर म्हणाली असती, आता यांना गप्पा मारायला कोणीतरी मिळाले.